मार्सेलसच्या खांद्यासाठी एक चिठ्ठी

स्वीटगम, मिसिसिपी
२ जुलै, मंगळवार

क्लिफ्टन,

आईचा आशीर्वाद घे. नको असेल तर पाकिटात तसाच ठेव, नासणारी वस्तू नाही ती.

मागच्या सहा पत्रांना तुझं उत्तर नाही. पण एकही पाकीट परत आलं नाही, म्हणजे तू घेतोस. तेवढं मला पुरतं. पोस्टातला हार्वे म्हणाला, "मिस अर्लीन, कॅनडाला किती तिकिटं लागतात बघा, त्यापेक्षा फोन करा की." मी म्हटलं, "फोन तो उचलत नाही. पत्र दारात पडतं, ते उचलावंच लागतं, नाहीतर पाय पडतो."

आज मी इतकी खुशीत आहे की कोणाला सांगू असं झालंय. तुझा भाचा मार्सेलस घरी आलाय! टीमचा फुटबॉलचा कॅम्प सुरू होईपर्यंत इथेच. रोज सकाळी माझ्या स्वयंपाकघरात सव्वासहा फुटांचा माणूस उभा असतो आणि विचारतो, "आजी, बिस्किटं झाली का?" परवा एका बसणीत कॅटफिशचे अकरा तुकडे खाल्ले, वर मक्याचा ब्रेड, वर भेंडी. मग म्हणतो, "आमच्या टीमच्या आहारवाल्या बाईंना कळू देऊ नकोस." मी म्हटलं, "त्या बाईंना माझा पत्ता दे. बघू कोण कोणाला घाबरतं." टोमॅटो यंदा भरपूर आलेत. एवढे की शेजारी आता मला बघून रस्ता बदलतात.

तर मुद्द्याचं. तुला माहीतच आहे, पहिल्या कराराच्या कागदावरचा आकडा पोरगं ठरवत नाही, टीमही ठरवत नाही. नव्या पोरांच्या निवडीत कितव्या नंबरला उचलला त्यावर तो आधीच ठरलेला असतो. आणि तीन मोसम खेळल्याशिवाय नव्या कागदाचं नावसुद्धा काढायचं नाही. ते तीन मोसम जानेवारीत संपले. आता त्याची एजंट, ती हॅलोरनबाई, दिवसातून चारदा फोन करते. बाई हुशार आहे. जेवते की नाही देव जाणे.

टीम म्हणते पाच वर्षं, वीस कोटी डॉलर. मी म्हटलं, मला लिहून दाखव. त्याने बीन्सच्या रिकाम्या पिशवीवर लिहून दाखवलं. मी सहावीत शाळा सोडली, तोवर बाईंनी एवढी शून्यं शिकवलीच नव्हती. मी टाळ्या पिटल्या. मग त्याने खाली दुसरा आकडा लिहिला, चार कोटी. म्हणाला, "आजी, हमी एवढ्याचीच. बाकीचे मी टिकलो तर. माझ्यासारखा चेंडू फेकणारा क्वार्टरबॅक पडला की त्याला घरी पाठवतात आणि पुढची वर्षं फाडून टाकतात."

माझ्या टाळ्या थांबल्या. मला तुझा ऑगस्ट आठवला. तुझ्याही कागदावर मोठा आकडा होता. मी तो गावभर सांगितला होता, चर्चला नवा ऑर्गन कबूल केला होता. मोसम सुरू व्हायला आठवडा असताना त्यांनी तुला टीममधून कापलं, तेव्हा कळलं की त्यात हमीचं काहीच नव्हतं. चर्चचा ऑर्गन अजून जुनाच आहे. एक पट्टी वाजत नाही.

म्हणून तुला विचारते. हमी दोन प्रकारची असते म्हणे. एक दुखापत झाली तरच मिळणारी, आणि एक काहीही झालं तरी मिळणारी. हॅलोरनबाई समजावते पण फार भराभर. तू समजावलंस तर मला कळेल.

बाकी ठीक. त्याचा उजवा खांदा जरा धरलाय. उशी वाकडी घेऊन झोपला असेल. हे बोलायचं नाही कोणापाशी, हॅलोरनबाईने शपथ घातलीय. तू काही कोणाला सांगणार नाहीस म्हणा. तू मलासुद्धा काही सांगत नाहीस.

तुझी आई


१७ जुलै, बुधवार

क्लिफ्टन,

घोळ झालाय. तू टीव्हीवर पाहिलंच असशील. तुमच्या तिथे रेजायनात दिसत नसेल तर बरंच आहे.

आपल्या रविवारच्या पत्रकात मागच्या पानावर आजाऱ्यांची नावं छापतात ना, त्यांच्यासाठी प्रार्थना करायला? तर कोणीतरी प्रार्थनेच्या पेटीत चिठ्ठी टाकली. पत्रक काढणाऱ्या सिस्टर ओला मेने ती जशीच्या तशी छापली. "मार्सेलस पिकेट, उजवा खांदा, नव्या करारावर सही होण्याआधी बरा व्हावा म्हणून." वर मिस ट्रूलीचा मोतीबिंदू, खाली ब्रदर लायमनचा गुडघा.

पूर्वी ते पत्रक हातातल्या पंख्यासारखं वापरून लोक बाकावर सोडून जायचे. आता सिस्टर ओला मे ते फोनवरही चढवते, आजारी माणसांना घरबसल्या वाचता यावं म्हणून. सोमवारी दुपारपर्यंत टीव्हीवर टाय लावलेले तीन बाप्ये आपल्या चर्चचं पत्रक भिंतीएवढं मोठं करून त्यावर काठी आपटत होते. ब्रदर लायमनचा गुडघाही दिसत होता. तो खूश आहे. म्हणतो, आता देशभर प्रार्थना चालली असेल, फरक पडायलाच हवा.

मग हॅलोरनबाईचा फोन. मार्सेलसने तो टेबलावर ठेवून मोठ्याने लावला.

"मिसेस पिकेट, तुम्ही आहात ना तिथे?"

"आहे. तुमचा आवाज खोल गेलाय. काही खाल्लंत का?"

"मिसेस पिकेट, टीमने कागद मागे घेतला."

 ती म्हणाली, टीमचं म्हणणं असं की खांदा त्यांच्या मैदानावर दुखावला नाही, घरी दुखावला. बाहेर दुखावला असेल आणि तो खेळू शकला नाही, तर नवा कागद सोडाच, यंदाचा पगार द्यायलाही ते बांधील नाहीत. जुन्या कागदाचं एक वर्ष बाकी आहे, त्यात तसं लिहिलंय. आणि वर त्यांना राग आलाय तो लपवल्याचा.

मी म्हटलं, "पण बाई, देवापाशी नाही मागायचं तर कोणापाशी?"

"देवापाशी मागा, मिसेस पिकेट. छापू नका."

मार्सेलस हसला. मी नाही हसले. तो उठून मागच्या पायऱ्यांवर जाऊन बसला. मी थोड्या वेळाने गेले. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "सगळ्या चर्चने प्रार्थना केली का?"

"केली. दोनदा."

"मग आता बरा झालाच पाहिजे." असं म्हणाला खरा, पण चहाचा जग त्याने डाव्या हाताने उचलला. आयुष्यभर उजव्याने उचलणारा पोरगा.

क्लिफ्टन, वर मी कोणीतरी असं लिहिलंय. ते खोडायचं होतं, पण कागद खराब दिसतो. चिठ्ठी माझी. पेन्सिलीने लिहिली, दोन घड्या घातल्या, नाव घातलं नाही. सिस्टर ओला मे माझं अक्षर गेली चाळीस वर्षं ओळखते. तिला वाटलं, आजीनेच लिहिलंय म्हणजे छापायला हरकत नसेल.

आणि उशीही खोटी. फ्रीझर होता. मागच्या व्हरांड्यातला आडवा, मासे आणि बीन्सने भरलेला. पाणी गळतंय म्हणून मला तो भिंतीपासून सरकवायचा होता. लायमनची मुलं शनिवारी येणारच होती. पण मीच मार्सेलसला म्हटलं, "तुझा मामा हा एकट्याने हलवायचा." मग काय, पिकेटांचं पोर. भरलेला फ्रीझर उचलला त्याने, आणि मधेच त्याच्या तोंडून एक आवाज आला. तो आवाज मी कोणाला सांगितलेला नाही. म्हणून तर चिठ्ठी लिहिली.

व्हर्नेट गेली तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. तुझ्या बहिणीला मी शब्द दिला होता की पोराला काही होऊ देणार नाही. आणि सगळ्या जगातून त्याचा हात मोडायला मीच सापडले.

आई


२० जुलै, शनिवार

क्लिफ्टन,

तू फोन केलास! मला नाही, त्याला केलास. पण वाजला तो माझ्या घरात.

एक्केचाळीस मिनिटं. मी स्वयंपाकघरातच होते. एकच ताटली घासत होते, तिच्यावरची फुलं निघायची बाकी होती. कान देऊन ऐकलं असं म्हणू नकोस, घर किती लहान आहे तुला माहीत आहे. "हो मामा. नाही मामा. मला नाही तसं वाटत, मामा." तीन वर्षांनी हा शब्द त्याच्या तोंडून ऐकला. मी तिथेच देवाचे आभार मानले, पण मनातल्या मनात. आता मी चिठ्ठ्या लिहीत नाही.

फोन ठेवल्यावर तो माझ्यासमोर येऊन बसला आणि म्हणाला, "मामा म्हणतो, लपवण्यात आपण चुकलो. त्यांना जे दिसत नाही त्याचीच भीती वाटते. लगेच जा, त्यांच्याच डॉक्टरला खांदा दाखव, कसा दुखावला ते सांग, फ्रीझरसकट. आणि मग वीस कोटींचं नाव घेऊ नकोस. मोठा आकडा त्यांना टीव्हीवर दाखवायला हवा असतो. तू लहान घे, पण काहीही झालं तरी मिळणारा घे."

म्हणजे माझ्या प्रश्नाचं उत्तर मला मिळालं. वळसा घालून का होईना.

हॅलोरनबाईला फोनवर हे पटेना. "हा मामा कोण? याने किती करार केलेत?"

मार्सेलस म्हणाला, "त्याला एकदा कापलंय."

 मग ती म्हणाली, "बरं. ऐकू त्याचं." आणि मग विचारलं, "इतकं कळतं त्याला, तर पहिल्या वेळी तुझा एजंट तो का नव्हता?"

मार्सेलसने माझ्याकडे बघितलं. मग म्हणाला, "तो माझा निर्णय होता."

यावर मला तुला काही लिहायचं होतं, पण मिस ट्रूली डोळ्यांत थेंब घालून घ्यायला आलीय. तिला थांबवणं बरं नव्हे. सोमवारी तो विमानाने जाईल. वाटेसाठी पाऊंड केक केलाय, अर्धा डॉक्टरसाठी.

आई


८ ऑगस्ट, गुरुवार

क्लिफ्टन,

मशीनमध्ये घालून बघितलं. फाटलेलं नाही, ताणलंय. चार आठवडे, मग फेकता येईल. डॉक्टर म्हणे हसत होता, इतकी वर्षं झाली, फ्रीझरचा पेशंट पहिलाच. केक आवडला त्याला.

पण टीमचं मन अजून घट्ट आहे. कागद पुन्हा आला, पाच वर्षं, अठरा कोटी, हमी पाच कोटींची. हॅलोरनबाईने परत पाठवला. ती मागते चार वर्षं, आकडा कमी चालेल, हमी दहाच्या खाली नको. आता दोघंही गप्प बसलेत आणि दिवस जातायत.

त्याला कॅम्पला जावं लागलं. गेला नाही तर रोजचा दंड. म्हणून जातो, हजेरी लावतो, सगळ्या बैठकांना बसतो, मैदानावर मात्र टोपी घालून कडेला उभा राहतो. चेंडूला हात लावत नाही. सही नाही तर सराव नाही, असं. मी टीव्हीवर पाहिलं. लग्नात मुलीकडच्यांशी भांडण झालेला पाहुणा उभा असतो ना, जेवणार नाही पण निघूनही जाणार नाही, तसा दिसतो. एरवी असं कोणी उभं राहिलं की लोकांना कळतं, पैशासाठी आहे. आता माझ्या चिठ्ठीमुळे कोणालाच कळत नाही, पैशासाठी की खांद्यासाठी. न्हाव्याच्या दुकानात दोन तट पडलेत. परवा मी दारावरून जाताना एकाने हाक मारून विचारलं, "मिस अर्लीन, खरं काय ते सांगा!" मी म्हटलं, "रविवारच्या पत्रकात वाच." सगळं दुकान हसलं. मीही हसले. घरी येऊन रडले थोडं.

कारण मला आता कळतं काय होऊ शकतं ते. पहिल्या सामन्याआधी सही झाली नाही, तर तो जुन्या कागदावर खेळेल. त्याचा स्वभाव बघता खेळणारच. आणि त्याच खांद्यावर कोणी तीनशे पौंडांचा माणूस पडला, तर तीन वर्षं आणि एक फ्रीझर, एवढीच त्याची कहाणी.

आता ते दुसरं लिहिते. मिस ट्रूली आज आलेली नाही.

तीन वर्षांपूर्वी तू म्हणालास, "पहिल्या कागदात ठरवण्यासारखं काही नसतं, मला त्यावर शिकू दे, मी एजंटची परीक्षा देतो, दुसऱ्या कागदापर्यंत मी तयार असेन." तू पुस्तकंही आणली होतीस. आणि मार्सेलसने तुला सांगितलं की मला बाहेरचा माणूस हवा.  पंधरा दिवसांत गाडीत सामान घालून उत्तरेला गेलास, ते आजपर्यंत.

ते त्याचं बोलणं नव्हतं. माझं होतं. मी त्याला याच टेबलाशी बसवून सांगितलं, "मामाला नको घेऊस. आणि मी सांगितलं असं म्हणू नकोस, तुझं आहे असं म्हण." तो म्हणाला, "मामा खचेल." मी म्हटलं, "तरणाबांड आहे, सावरेल."

तुला कापलं तेव्हा तू दोन महिने मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडला होतास. मी दारातून ताट सरकवायची आणि ताट तसंच बाहेर यायचं. मला वाटलं, हे पोरगं पुन्हा त्याच लोकांसमोर जाऊन बसेल, ते पुन्हा त्याला तसंच पाठवतील, आणि या वेळी माझी दोन्ही पोरं त्या खोलीत असतील. तुला अक्कल नाही असं मला कधीच वाटलं नव्हतं. मी घाबरले होते. पण तुला कळलं ते असं की तुझ्या हातांनी चेंडू धरायला शिकलेल्या पोराने तुला नाकारलं.

त्याच्यावर रागावू नकोस. माझ्यावर रागाव. मी इथेच आहे, पत्ता तोच.

आई


२६ ऑगस्ट, सोमवार

क्लिफ्टन, माझ्या बाळा,

झाली सही! शनिवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी. मी तिथे होते!

शुक्रवारी त्याचा फोन, "आजी, बॅग भर." मी विमानात बसले, खिडकीशी. शेजारच्या माणसाला सगळं सांगितलं. तो मधे टोलेडोला उतरणार होता, पण गोष्ट संपेपर्यंत त्याला उतरवेना. चार वर्षं, चौदा कोटी, त्यातले दहा काहीही झालं तरी मिळणारे. पडला तरी, कापला तरी, मी आणखी काही छापलं तरी. टीव्हीवरचे टायवाले म्हणतात पोराने कमी घेतले. म्हणू देत. त्यांना कधी कोणी कापलेलं दिसत नाही.

ते कसं घडलं तेही ऐक. खांदा बरा झाला तशी त्याने एका सकाळी कोणाला न सांगता टोपी काढली आणि त्यांच्या डॉक्टरसमोर साठ चेंडू फेकले. हॅलोरनबाई फोनवर किंचाळत होती म्हणे, सहीशिवाय कशाला फेकलेस! तो म्हणाला, "मामा म्हणतो, दाखवायचं ते सगळं दाखव आणि मग उठून घरी जा." दोन दिवसांनी टीमनेच फोन केला.

खोली केवढी ती, टेबल आपल्या चर्चच्या हॉलएवढं, आणि खायला काय तर पाणी. टीमचा मोठा मॅनेजर उठून मला भेटायला आला. म्हणाला, "मिसेस पिकेट, आता दर सोमवारी आमचा एक माणूस सगळ्यात आधी तुमच्या चर्चचं पत्रक वाचतो."

मी म्हटलं, "मग वर्गणी पाठवा. ऑर्गनची एक पट्टी वाजत नाही." पाठवतोय म्हणाला. बघू.

सही व्हायच्या आधी मार्सेलसने मला बाहेर कॉरिडॉरमध्ये नेलं. म्हणाला, "मामाने तुझं पत्र मला फोनवर वाचून दाखवलं. सगळं.  मग विचारलं, फेकताना डावा पाय अजून आत येतो का?"

"एवढंच?"

"एवढंच. मी म्हटलं येतो. मग अर्धा तास माझ्या पायाला शिव्या दिल्या."

मी म्हटलं, "तीन वर्षं तू माझं नाव घेतलं नाहीस. मामा गेला तुझा. सांगून टाकायचं होतंस की."

"तू सांगू नकोस म्हणाली होतीस."

"मी काय, म्हणते काहीही."

"आजी, मामा रागावला तर लांब जाणार होता. तू रागावली असतीस तर बिस्किटं कोणी केली असती?" आणि हसला. पण मला दिसलं, रडू दाबताना व्हर्नेटची हनुवटी व्हायची तशी त्याची होत होती. मग मी त्याचा टाय सारखा केला, तो सारखाच होता.

आत आल्यावर हॅलोरनबाईने शेवटचं पान वाचलं, त्याने काय काय करायचं नाही ते. मोटारसायकल नाही, बर्फावरून घसरणं नाही, घोडा नाही, बास्केटबॉल नाही. मग एक ओळ होती की टीमने घरच्या प्रत्येक सामन्याला दोन खुर्च्या द्यायच्या, मैदानाच्या बरोबर मध्यावर, पन्नास यार्डांच्या रेषेवर, सही करणाऱ्याच्या आजीला, मिसेस अर्लीन पिकेट यांना, आणि मामाला, मिस्टर क्लिफ्टन पिकेट यांना.

टीमचा वकील म्हणाला, "दोन खुर्च्या एवढं पुरे. नावं कशाला? कोणीही बसेल."

मार्सेलस म्हणाला, "नावं राहतील. हवं तर त्याचे पैसे कापा."

कोणी काही कापलं नाही. वकिलाने मान हलवली. मी दुसरीकडे बघत होते. बाहेर पार्किंग होतं, फार मोठं.

तर पहिला सामना आठ सप्टेंबरला, रविवारी, दुपारी एक वाजता. रेजायनाहून विमान आहे, हॅलोरनबाईने बघून ठेवलंय, तिला आता चैन पडत नाही. नाही आलास तर तुझ्या खुर्चीवर मी पर्स ठेवीन आणि कोणी बसायला आलं तर सांगेन, माणूस हात धुवायला गेलाय. दुसऱ्या सामन्याला तेच सांगेन. तिसऱ्यालाही. मला सवय आहे थापांची, तुला माहीत झालंय आता.

घाई नाही. ती खुर्ची चार वर्षं तुझी आहे, काहीही झालं तरी. मला मात्र तसली हमी कोणी लिहून दिलेली नाही, आणि मला चौऱ्याहत्तर पूर्ण झाली.

तुझी आई